स्टँडर्ड झूम लेन्सची पारख

कॅमेरा विकत घेणारा मनुष्य कॅमेऱ्याची चौकशी पुष्कळ करतो. त्याच्यासोबत येणाऱ्या लेन्सची मात्र फारशी करीत नाही. वास्तविक चित्र घडते ते लेन्सने आत आणलेल्या प्रकाशातून. कॅनन आणि निकॉन या कंपन्यांनी आता आपले लक्ष आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळविले आहे. त्यामुळे डिजिटल एस.एल.आर. कॅमेरे वापरलेल्या मालात आवाक्यातील किमतीला मिळतात. असा एखादा कॅमेरा घेऊन लग्नकार्याची व सणावारांची चित्रे काढू पाहणाऱ्या पांढुर्ण्याच्या किंवा सौंसरच्या तरुणापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच, की रोजच्या कामाला कोणती लेन्स घ्यावी?

जिचे नाभीय अंतर कमीअधिक करता येते ती झूम लेन्स. अंतर कमी केले की दृश्य रुंद होते, वाढविले की दूरची वस्तू जवळ भासते. साध्या नजरेला जेवढे दृश्य सहज वाटते, त्याच्या अलीकडचे व पलीकडचे थोडे थोडे जिच्यात सामावते, ती स्टँडर्ड झूम होय. फोग्टलेंडर या जर्मन कंपनीने १९५९ साली ३६ ते ८२ मिलिमीटरची 'झूमार' लेन्स बाजारात आणली. ३५ मिलिमीटर फिल्मच्या स्थिरचित्र-कॅमेऱ्यांसाठी निघालेली ही पहिलीच झूम लेन्स. आज या वर्गातील ओळखीच्या लेन्स म्हणजे कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५, तिच्याहून महाग अशी १७-५०, आणि मोठ्या कॅमेऱ्यांसाठी केलेली २४-७०.

लेन्सवर आकड्यांची दुसरीही एक जोडी असते, आणि खरा भेद तिच्यात आहे. एफ/२.८ किंवा एफ/५.६ हा आकडा सांगतो, की नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले असता काय उरते. म्हणून आकडा लहान तितके छिद्र मोठे. पाव हा अदपावापेक्षा मोठा असतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवल वाटणार नाही. १८-५५ लेन्स पुढे ताणली म्हणजे तिचे छिद्र एफ/५.६ वर येते. चांगली १७-५० अथवा २४-७० लेन्स कोठेही एफ/२.८ राहते. या दोहोंत प्रकाशाचा फरक चौपट आहे.

चौपट म्हणजे काय, हे पोळ्याच्या संध्याकाळी कळते. आभाळ भरून आलेले असते, बैल तोरणाखाली उभे असतात, झडत्या चालू असतात, आणि झूल व बाशिंग ल्यालेला बैल मान हलविल्यावाचून राहत नाही. एफ/५.६ वर शटर सेकंदाच्या साठाव्या भागाइतके उघडे ठेवावे लागत असेल, तर एफ/२.८ वर सुमारे अडीचशेवा भाग पुरतो. पहिल्या चित्रात शिंगांचा बेगड पुसट होतो. दुसऱ्यात तो लखलखीत उमटण्याची आशा असते. काही लेन्समध्ये थरथर शमविणारी यंत्रणा असते. ती उपयुक्त खरी, परंतु थांबविते ती छायाचित्रकाराच्या हाताची थरथर. बैलाची मान तिला थांबविता येत नाही.

मग महाग लेन्स सर्वत्र श्रेष्ठ समजावी काय? तसे नाही. संत्र्याच्या बागेत लख्ख उन्हात, किंवा लग्नातील वऱ्हाडी तीन रांगांत उभे करून चित्र घेताना, छिद्र मुद्दाम एफ/८ पर्यंत लहान करावे लागते. नाही तर मागची रांग अस्पष्ट येते. त्या छिद्रावर साध्या १८-५५ ने काढलेले आणि महाग लेन्सने काढलेले चित्र छापून शेजारी ठेवले, तर ओळखणे कठीण जाते. शिवाय लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर २४-७० लावली, की तिची २४ ही बाजू सुमारे ३६ सारखी वागते. घराच्या अरुंद अंगणात भिंतीला पाठ टेकली, तरी सारे कुटुंब चौकटीत मावत नाही. तेथे १७ किंवा १८ पासून सुरू होणारी लेन्सच हवी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार होते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन्ही तीरांवरील लोक एकमेकांवर दगडांचा मारा करतात. त्यात पुष्कळ माणसे जखमी होतात. काहींनी प्राणही गमावले आहेत. येथे लेन्सची मर्यादा जिवावर बेतू शकते. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर ५५ मिलिमीटरला उभ्या चौकटीत पूर्ण माणूस भरायचा, तर त्याच्यापासून सुमारे ४ मीटरवर जावे लागते. तोच माणूस ५० मीटरवरून चौकटीचा बारावा हिस्सा व्यापतो. चित्र लहान येते म्हणून पाऊल पुढे पडते, डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला असतो, आणि बाजूने येणारा दगड दिसत नाही. म्हणून गोटमारीसाठी ७०-३०० सारखी दूरची लेन्स भाड्याने किंवा उसनी आणावी. ३०० मिलिमीटरला ५० मीटरवरचा माणूस चौकटीचा दोनपंचमांश भाग व्यापतो. तीही नसेल, तर सुरक्षित गच्चीवरून स्टँडर्ड झूमने नदी आणि गर्दी यांचे रुंद चित्र घ्यावे. झेंड्याजवळच्या माणसाचा चेहरा टिपण्याचा मोह सोडावा.

वापरलेली लेन्स घेताना तिच्यात विजेरीचा प्रकाश टाकून पाहावे. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी समजावी. घरी आणल्यावर पावसाळ्यात ती चामड्याच्या पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी.

नवा खर्च करण्यापूर्वी मात्र आपलीच जुनी चित्रे तपासावीत. प्रत्येक डिजिटल चित्राबरोबर नाभीय अंतर, छिद्र आणि शटरचा वेग यांची नोंद साठविलेली असते. बिघडलेली चित्रे बहुतेक संध्याकाळची व मांडवातील असतील, तर एफ/२.८ साठी पैसे साठवावेत. बहुतेक चित्रे दुरून घेतल्यामुळे लहान आली असतील, तर दूरची लेन्स पाहावी. आणि दोन्ही तक्रारी नसतील, तर हातातली १८-५५ अजून पुष्कळ दिवस पुरेल.