यंदा चांदणी लावायची का?



डिसेंबर लागला की आपल्या नांदेड-लातूरकडे थंडी सुटते, शाळेत स्नेहसंमेलनाची गडबड उडते आणि ख्रिस्ती घरांच्या दारात नाताळची चांदणी झळकू लागते. इकडे अशी घरं थोडीच. पण करंज्यांचा डबा वर्गात आला की नाताळ सगळ्या वर्गाचा होतो! मात्र ज्या घरातलं माणूस त्याच वर्षी गेलं, त्या घरातल्या मुलानं काय करायचं? नवे कपडे घालायचे का? हसायचं का?

मराठवाड्याला हा प्रश्न नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. किल्लारी परिसरात भूकंप झाला, दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांच्या अंगावर आल्या. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसं गेली. दीड महिन्यानं दिवाळी आली. दुःखाच्या घरी पहिल्या सणाला तळण करत नाहीत, शेजारीपाजारी फराळ आणून देतात, ही आपली रीत. पण तिथं शेजारचं घरही दुःखाचंच होतं. मग दुरून-दुरून माणसं आली. भूकंपग्रस्त १,२०० मुलांना तर भारतीय जैन संघटनेनं पुण्याला शिकायला नेलं.

आता नाताळच्या गोष्टीकडे येऊ. ही गोष्ट आपण बहुतेक वेळा अर्धीच सांगतो. गव्हाणीतलं बाळ, मेंढपाळ, तारा पाहून आलेले ज्ञानी लोक, झालं! पुढं काय होतं ठाऊक आहे? हेरोद राजाला त्या बाळाची भीती वाटते. बेथलेहेमातली दोन वर्षांची आणि त्याहून लहान मुलगे मारण्याचा तो हुकूम सोडतो. योसेफ आणि मरिया बाळाला घेऊन रातोरात मिसर देशात पळतात. मागं राहतात त्या रडणाऱ्या आया. बायबलनं त्यांचं रडणं झाकून ठेवलेलं नाही. नाताळनंतर तिसऱ्याच दिवशी, २८ डिसेंबरला, अनेक चर्चमध्ये त्या बाळांची आठवण करतात.

येशूही मोठेपणी आपला मित्र लाजर याच्या कबरीजवळ रडला होता. थोड्याच वेळात तो लाजराला उठवणार होता, तरी रडला. म्हणजे रडू आलं तर विश्वास कमी पडला, असं नव्हे. मेलेली माणसं देवाजवळ आहेत आणि पुन्हा भेट होईल, ही ख्रिस्ती लोकांची आशा. पण आज ताटावर त्यांची जागा रिकामी आहे, हेही खरंच ना?

पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलं असेल. लहानपणी दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. राहिली एकुलती एक लेक, मनोरमा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ती आईचा उजवा हात होती. गुलबर्ग्याला तिनं मुलींची शाळा काढली. तेव्हा गुलबर्गा आणि आपलं नांदेड एकाच निजामी राज्यात होतं बरं का! जुलै १९२१ मध्ये मनोरमा चाळिशीत वारली. त्या डिसेंबरात लेकीशिवायचा पहिला नाताळ आला. रमाबाईंचा तो शेवटचा ठरला, कारण ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायचं काम मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडलं नाही. बेथलेहेमच्या आयांचं रडणं त्याच ग्रंथात आहे, आणि ‘इम्मानुएल’, म्हणजे ‘आमच्याबरोबर देव’, हे नावही त्याच पानांशेजारी. मला तर वाटतं, हे दोन्ही एकत्र नसतं तर दुःखातल्या माणसाला नाताळ परकाच वाटला असता.

आमच्या शाळेतल्या एका मुलाचे पप्पा पावसाळ्यात वारले. डिसेंबरात तो आजीला म्हणाला, “यंदा चांदणी नको. लोक काय म्हणतील?” आजी म्हणाली, “तळण नको, नवे कपडे नकोत. पण चांदणी लाव बाबा. पप्पानं केलेलीच लाव.” कामट्यांची चांदणी माळ्यावरून काढली. एका कोपऱ्याचा जिलेटिन कागद फाटला होता. पोरानं तो चिकटवला, तेव्हा रडला. बल्ब लागल्यावर धाकटी बहीण टाळ्या पिटत नाचली, तेव्हा हसलाही. गाणी गात फिरणारी मंडळी त्या घरी ढोलकी न वाजवता आली. एकच गीत म्हणाली, प्रार्थना केली आणि चहा घेऊन गेली.

तुमच्या वर्गात असा कुणी असेल तर २५ तारखेला जरूर जा. डबा दारातून देऊन पळू नका. थोडा वेळ बसा. त्याच्या पप्पांची एखादी गंमत आठवत असेल तर सांगा. तो रडला तर रडू द्या, आणि खेळायला चल म्हणाला तर लगेच उठा.