पाच गुंठ्यांच्या आतले घर

महाराष्ट्रात फ्लॅट घेणाऱ्याचा आधार दोन कायदे: राज्याचा 1963 चा ‘मोफा’ आणि केंद्राचा 2016 चा ‘रेरा’. मोफाने नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या 20 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला बिल्डरला मनाई केली, कसुरीला तुरुंगवासही ठेवला. देखरेखीची यंत्रणा मात्र दिली नाही. फसलेल्याने कोर्टाची पायरी चढायची.

ही उणीव भरायला राज्याने 2012 मध्ये स्वतःचा नियमन कायदा केला. 2014 मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. मोफा रद्द करण्याची तरतूद त्यातच होती. ती अमलात येण्याआधी रेरा आला आणि त्याच्या कलम 92 ने राज्याचा हा नवा कायदाच रद्द केला, मोफा वाचला. बरेच झाले, कारण जमीन सोसायटीच्या नावे करून न देणाऱ्या बिल्डरविरुद्ध मानीव अभिहस्तांतरण मिळते ते मोफाखालीच.

रेराने आगाऊ रकमेची मर्यादा 10 टक्क्यांवर आणली, विक्री चटई क्षेत्रावर बांधली आणि ग्राहकांच्या पैशातले 70 टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायला लावले. एका इमारतीचे पैसे दुसऱ्या जागेत फिरवण्यावर ज्यांचा धंदा चाले, त्यांना हे शेवटचे कलम सर्वांत बोचणारे.

छोट्या बिल्डरला सवलत मिळाली ती नोंदणीत. भूखंड 500 चौरस मीटरपर्यंत, म्हणजे जेमतेम पाच गुंठ्यांचा असेल, किंवा फ्लॅट आठपर्यंतच असतील, तर रेराखालच्या राज्य प्राधिकरणाकडे, म्हणजे महारेराकडे, प्रकल्पाची नोंदणी लागत नाही. पेणच्या रामवाडीसारख्या महामार्गालगतच्या वस्तीत जागामालकाने आपल्या चार गुंठ्यांवर बिल्डरकडून इमारत उठवली, तर ती या सवलतीत बसते. तिथल्या ग्राहकाने सातबारा, बिनशेती परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र स्वतःच तपासायचे. ही मर्यादा आणखी खाली आणण्याचा अधिकार कायद्याने राज्याला दिला आहे. म्हणजे सवलत ठेवणे हा राज्याचाही निर्णय ठरतो.

जमीनधारकाचे हित आणखी निराळे. ऑक्टोबर 2024 मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील 124 गावांसाठी ‘एमएमआरडीए’ला नवनगर विकास प्राधिकरण नेमले गेले. रेरा घर विकत घेणाऱ्याला जपतो. ज्याच्या शेतावर नवनगर उभे राहायचे, त्याचा मोबदला आणि संमती हे प्रश्न रेराच्या कक्षेतच येत नाहीत.

नोंदणी झालेल्या प्रकल्पातही निकालाने काम संपत नाही. महारेराने व्याज किंवा परतावा मंजूर केला आणि बिल्डरने दिला नाही, तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायची असते. त्यासाठी वसुली वॉरंट जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जाते.