म्हशीचा मुका माज आणि प्रतिपिंडाची कसोटी

हिंगोली जिल्हा हा मराठवाडी म्हशीच्या प्रदेशात मोडतो. या भागातील पशुपालकांची एक तक्रार नित्य ऐकू येते, ती म्हणजे म्हैस वेळेवर माजावर येत नाही. पुष्कळदा ती माजावर आलेली असते, परंतु ते मालकास उमगत नाही. गाईप्रमाणे म्हैस इतर जनावरांवर सहसा उडी मारीत नाही. तिचा माज बहुधा रात्री अथवा पहाटे असतो आणि उन्हाळ्यात तर त्याची लक्षणे फारच मंद होतात. यासच मुका माज म्हणतात.

एक माज हुकला की सुमारे 21 दिवस वाया जातात. म्हशीचा गर्भकाळ सुमारे 310 दिवसांचा असतो. विल्यानंतर 90 दिवसांत ती गाभण राहिली तर दोन वेतांतील अंतर 400 दिवसांचे होते. तीन माज हुकले तर तेच अंतर 463 दिवसांवर जाते. वाढलेल्या या 63 दिवसांचा कडबा व पेंड मालकाच्या पदरचा जातो.

माजाच्या काळात जनावराच्या शरीरात नेमके काय घडते? मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची लहानशी ग्रंथी असते. तिच्यातून ल्यूटिनायझिंग हॉर्मोन, थोडक्यात एल. एच., हा स्राव रक्तात उतरतो. माजाच्या आरंभाच्या सुमारास त्याची एक मोठी लाट येते, आणि त्यानंतर साधारणपणे सव्वा दिवसाने अंडाशयातून बीज सुटते. रेतन केव्हा करावे हे या लाटेवरच अवलंबून असते.

परंतु रक्तातील हे हॉर्मोन इतके अल्प असते की त्याचे मोजमाप एका ग्रॅमच्या अब्जांश भागांत करावे लागते. तराजू अथवा साधे रसायन येथे उपयोगी पडत नाही. येथे प्रतिपिंड साहाय्यास येते. शुद्ध केलेले हॉर्मोन सशास टोचले असता सशाचे शरीर त्यास परके समजते आणि त्यालाच चिकटणारे प्रतिपिंड तयार करते. दावणीला दहाच खुंट असावेत आणि खूण केलेली व खूण नसलेली जनावरे त्यांसाठी झटावीत, तसा हा प्रकार आहे. खूण केलेले हॉर्मोन ठरावीक प्रमाणात घालतात. रक्तातील हॉर्मोन जितके अधिक, तितके खूण केलेले कमी चिकटते. या उलट्या हिशेबावरून रक्तातील प्रमाण निघते. रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी 1959-60 च्या सुमारास इन्शुलिनसाठी ही रीत सिद्ध केली आणि 1977 साली यॅलो यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

एल. एच.च्या बाबतीत आणखी एक अडचण होती. पीयूषिकेतील इतर काही हॉर्मोनांचा एक घटक एल. एच.सारखाच असतो, निराळेपणा असतो तो दुसऱ्या, बीटा नावाच्या घटकात. म्हणून प्रतिपिंड निवडक असावे लागते, नाही तर एकाचे मोजमाप दुसऱ्याच्या नावावर जमा होते. कोलर व मिल्स्टीन यांनी 1975 साली एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके निर्माण करण्याची युक्ती शोधली. तिच्या आधारे तयार झालेले, 518बी7 या क्रमांकाने ओळखले जाणारे प्रतिपिंड 1987 साली प्रसिद्ध झाले. ते अनेक सस्तन प्राण्यांचे एल. एच. ओळखते.

ही कसोटी गोठ्यात आणावी काय? तसे करणे व्यवहार्य नाही. लाट काही तासांतच ओसरते, म्हणून ती पकडण्यास दर काही तासांनी रक्त घ्यावे लागेल. औषधी दुकानात स्त्रियांसाठी मिळणाऱ्या पट्ट्याही याच तत्त्वावर असतात; पण त्या मानवी हॉर्मोनसाठी बनविलेल्या असून म्हशीवर त्यांचा भरवसा धरू नये.

मात्र या मोजमापांतून जे ज्ञान मिळाले ते गावोगाव पोहोचले आहे. पीयूषिकेस चेतविणारे इंजेक्शन दिले असता एल. एच.ची लाट मुद्दाम आणता येते. पहिल्या दिवशी हे इंजेक्शन, सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा पहिलेच इंजेक्शन आणि सुमारे 16 ते 20 तासांनी रेतन, असा क्रम पशुवैद्य योजतात. येथे एक धोका ध्यानी ठेवावा. म्हैस आधीच गाभण असेल तर प्रोस्टाग्लँडिनमुळे गर्भपात होतो. म्हणून पशुवैद्याकडून गर्भतपासणी झाल्याखेरीज हे इंजेक्शन कोणीही देऊ नये. रोडावलेल्या अथवा गर्भाशयाचा विकार असलेल्या जनावरात या उपायाचा गुण कमी येतो. त्यास आधी खुराक व औषधोपचार हवा.

इतर जनावरांसाठी डोळे उघडे ठेवणे हाच उपाय आहे. ग्रामसेवकांनी प्रत्येक मालकास माजाची तारीख भिंतीवर वा वहीत लिहून ठेवण्यास सांगावे. त्या तारखेनंतर 18 व्या दिवसापासून 24 व्या दिवसापर्यंत पहाटे व रात्री निजण्यापूर्वी म्हैस पाहावी. काचेसारखा स्वच्छ सोट, वारंवार थोडी थोडी लघवी, सुजलेले निरण आणि अचानक घटलेले दूध या खुणा होत. सकाळी माज दिसल्यास त्याच सायंकाळी आणि सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या सकाळी रेतन करून घ्यावे.