गप्पी पिल्लं देतो, धंदा मात्र तुम्हाला उभा करायचाय!



"सर, गप्पीची जोडी आणली की महिन्यात तीस पिल्लं. मग टाक्या किती घेऊ, दहा की वीस?"

माझं उत्तर: एक. कारण पिल्लं देणं हे माशाचं काम आहे, ती जगवणं तुमचं. आणि पैसे मिळतात ते जगलेल्या पिल्लांचे.

गप्पी तुम्हाला नवा नाही. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खात्याची माणसं साठलेल्या पाण्यात सोडतात, तोच हा मासा. दुकानातला झुपकेदार शेपटीचा रंगीत गप्पी त्याच जातीतून निवडून तयार केलेला. मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे त्याचे भाऊबंद. हे सगळे अंडी घालत नाहीत, थेट पोहणारी पिल्लं देतात. गप्पीची मादी साधारण 3 ते 4 आठवड्यांनी विते.

आधी पाणी, मग मासे

दोन फुटी टाकीत सुमारे 50 लिटर पाणी मावतं. नवी टाकी भरून त्याच दिवशी मासे सोडले, तर आठवड्याभरात ते मरायला लागतात. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, आणि तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला 4 ते 6 आठवडे लागतात. म्हणून स्पंज फिल्टर चालू ठेवा, रोज चिमूटभर खाद्य टाका आणि थांबा. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले की एक नर आणि दोन-तीन माद्या सोडा. मादी कमी असली तर नर तिला पाठलाग करून दमवतो.

पाणी 24 ते 28 अंश असू द्या. थोडं जड पाणी या माशांना चालतं, उलट मानवतं. बोअरचं पाणी असेल तर घाबरू नका, फक्त तपासून घ्या. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढल्याशिवाय ते टाकीत ओतू नका. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नाहीतर महिनाभर वाढवलेले जिवाणू एका मिनिटात मरतात.

आईच पिल्लं खाते

हो, खाते! टाकीत जावा मॉससारखी दाट वनस्पती ठेवा. मादीचं पोट चौकोनी दिसू लागलं की ती वेगळ्या टाकीत हलवा आणि व्याल्यावर लगेच परत आणा. पिल्लांना दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं बारीक खाद्य द्या. उरलेलं खाद्य म्हणजे पुन्हा अमोनिया.

दुकानातली मादी आणि रंगाचा घोटाळा

दुकानातली मादी बहुतेक वेळा आधीच गाभण असते. शिवाय ती नराचं वीर्य कित्येक महिने साठवून ठेवते. तुम्ही महागडा लाल नर आणला, तरी पहिली काही वेत भलत्याच रंगाची निघू शकतात. आणि दुकानदाराला हवी असते एका रंगाची, एका मापाची बॅच.

उपाय एकच. पिल्लं 3-4 आठवड्यांची झाली की रोज निरखा. पोटाखालचा पर काडीसारखा निमुळता झाला की तो नर, लगेच वेगळा करा. अशा न लागलेल्या माद्या आणि तुम्ही निवडलेला नर, इथून तुमचा माल सुरू होतो.

खर्चाच्या आधी गिऱ्हाईक

टाकी घेण्याआधी जवळच्या तीन दुकानदारांना भेटा. कोणता रंग जातो, कोणत्या मापाचा, काय भावाने घेता, हे वहीत लिहा. खर्चाच्या बाजूला वीजबिल, खाद्य आणि मेलेले मासेही मांडा. वीज जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप हा खर्च टाळू नका.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरामागच्या शोभिवंत मासे संगोपनाचा समावेश केला होता. सध्याच्या अटी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. पण अनुदान मिळतंय म्हणून सुरुवात करू नका. एका टाकीत सलग तीन वेत जगवून दाखवा, मग दुसरी टाकी घ्या.

आणि एक विनंती. न विकलेले मासे नदी-ओढ्यात सोडू नका. हा बाहेरचा मासा आहे, तिथल्या माशांना तो जड जातो.

या आठवड्याचा गृहपाठ: एक टाकी, एक वही, तीन दुकानदार. मासे अजून आणायचे नाहीत. भेटूया पुढच्या व्हिडिओत!