पहारेकऱ्यांच्या जागी चित्रकलेचे मास्तर

बॉस्टनच्या रॉक्सबरी भागात ऑर्चर्ड गार्डन्स ही शाळा २००३ मध्ये सुरू झाली. इमारत कोरी करकरीत आणि कलांचा विचार करूनच बांधलेली. नृत्याची खोली होती, नाट्यगृह होते, चित्रकलेचे स्वतंत्र वर्ग होते. पहिल्या सात वर्षांत पाच मुख्याध्यापक आले आणि गेले. नृत्याच्या खोलीत अडगळ साठली, वाद्ये कुलपात गेली. दप्तरातून हत्यार येईल या धास्तीने मुलांना दप्तर आणायलाही बंदी होती. राज्यातल्या सर्वांत मागे पडलेल्या शाळांत तिचे नाव घेतले जाई.

२०१० मध्ये अँड्र्यू बॉट हे सहावे मुख्याध्यापक रुजू झाले. सुरक्षारक्षकांवर वर्षाला अडीच लाख डॉलरहून जास्त खर्च होत होता. बॉट यांनी रक्षकांना निरोप दिला आणि ते पैसे कलाशिक्षकांकडे वळवले. खोल्या रिकाम्या झाल्या, वाद्ये बाहेर आली, भिंतींवर मुलांची चित्रे लागली. पुढच्या काही वर्षांत निकालही सुधारले. २०१३ मध्ये ही बातमी दूरचित्रवाणीवर झळकली आणि जगभर फिरली. आपल्याकडच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवरही असल्या गोष्टी हमखास येतात आणि खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागते.

गोष्ट खरी आहे, पण अर्धी. बॉट यांनी दोनेक वर्षांत सुमारे ८० टक्के शिक्षकही बदलले होते. शाळेची वेळ वाढवली होती. आणि मुख्य म्हणजे केंद्र सरकारचे मोठे अनुदान हाताशी होते. मग शाळा सुधारली ती रंगांमुळे, नव्या शिक्षकांमुळे, वाढलेल्या तासांमुळे की पैशांमुळे? एकट्या शाळेकडे बघून हे कुणालाच सांगता येणार नाही.

त्या अनुदानाचा इतिहासही बघण्यासारखा आहे. २००२ मध्ये अमेरिकेत आलेल्या कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा सक्तीची केली. निकाल खाली गेला की शाळेवर कारवाई. साहजिकच ज्या शाळा मागे होत्या तिथे चित्रकला, संगीताचे तास सर्वांत आधी कापले गेले. म्हणजे ज्या मुलांना घरी पेटी किंवा ब्रश मिळण्याची शक्यता नव्हती, त्यांचाच शाळेतला तासही गेला. पुढे ओबामा सरकारने मागे पडलेल्या शाळांसाठी अनुदान भरघोस वाढवले. अट अशी की मुख्याध्यापक बदला, हवे तर निम्मे शिक्षकही बदला, नाहीतर शाळा दुसऱ्याच्या हाती द्या किंवा बंदच करा. एकंदर खर्च सात अब्ज डॉलरच्या घरात गेला. २०१७ च्या जानेवारीत सरकारच्याच मूल्यमापनाने सांगितले की या अनुदानाचा परीक्षेच्या गुणांवर लक्षणीय परिणाम दिसत नाही. माणसे बदलली, फलक बदलले, गुण होते तिथेच.

याच अनुदानाच्या शाळांमधून २०१२ मध्ये आठ शाळा निवडून कला हेच सुधारणेचे साधन मानणारा एक प्रयोग सुरू झाला. नाव ‘टर्नअराउंड आर्ट्स’. ऑर्चर्ड गार्डन्स त्यांतलीच एक. दुसरी वॉशिंग्टनची सेव्हॉय, तिसरी थेट मोंटानातल्या नॉर्दर्न शायान लोकांच्या राखीव प्रदेशात, लेम डीअर गावी. अभिनेत्री केरी वॉशिंग्टन यांनी सेव्हॉयला दत्तक घेतले. २०१५ च्या अहवालात गणितात प्रावीण्य मिळवणाऱ्यांचे प्रमाण सरासरी २२ टक्क्यांहून जास्त आणि वाचनात १२ टक्क्यांहून जास्त वाढल्याचे नोंदले आहे. आकडे सुखावणारे आहेत. पण शाळा आठच, त्याही निवडलेल्या. मी त्यांवर फार भार टाकणार नाही.

भार पेलेल असा पुरावा ह्यूस्टनचा आहे. तिथे ४२ शाळांमधून कलाशिक्षणाचा एक कार्यक्रम कोणत्या शाळांना मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले गेले, त्यामुळे ‘चांगल्या शाळाच निवडल्या’ हा आक्षेप उरला नाही. ज्यांना कार्यक्रम मिळाला तिथे शहरातल्या नाट्य, नृत्य, संगीत, चित्रकलेच्या संस्था शिकवायला आल्या. डॅनियल बोवेन आणि ब्रायन किसिडा या संशोधकांनी तिसरी ते आठवीच्या १०,५४८ मुलांची माहिती तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. शिस्तभंगाच्या नोंदी ३.६ टक्के बिंदूंनी घटल्या. लेखनाचे गुण प्रमाण विचलनाच्या १३ टक्क्यांनी वाढले; सोप्या हिशेबात, शंभरात पन्नासावा असलेला मुलगा पंचावन्नाव्या जागेच्या आसपास गेला. दुसऱ्याबद्दलची कणवही वाढलेली आढळली. वाचन आणि गणितावर मात्र लक्षणीय परिणाम नाही.

हा शेवटचा निष्कर्ष काही कलाप्रेमींना खटकतो, मला तो विश्वासार्ह वाटतो. एलेन विनर आणि लोइस हेटलंड या संशोधकांनी २००० मध्येच अर्धशतकातल्या अभ्यासांची छाननी करून सांगितले होते की कला शिकल्याने गणिताचे गुण वाढतात याला भक्कम आधार नाही. वर्गातल्या नाटकाने भाषेची समज वाढते, याला आहे. त्यांच्यावर कलेचे शत्रू असल्याची टीका झाली. खरे तर त्यांनी कलेला एका खोट्या नोकरीतून सोडवले. गणिताच्या गुणांसाठी तबला ठेवला, तर गुण न वाढल्यावर तबला आधी जाईल. नाटक बसवताना मात्र मुलाला संवाद दहादा म्हणावा लागतो, दुसऱ्याचा संवाद संपेपर्यंत थांबावे लागते, आपण गेलो नाही तर प्रवेश अडेल हे कळते. शिस्तभंगाच्या नोंदी का घटल्या आणि लेखन का सुधारले, याचा धागा मला इथे दिसतो.

महाराष्ट्रात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तर कलेसाठी अंशकालीन निदेशक हवा. त्याहून लहान शाळेचे काय, यावर कायदा गप्प आहे, आणि वाडी-वस्तीवरच्या शाळा बहुतेक त्याहून लहानच असतात. दुसरीकडे एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना मुले गर्दी करतात, त्यात दहावीच्या वाढीव गुणांचा वाटा मोठा. इथेही कलेच्या गळ्यात गुणांचीच पाटी. दहावी जवळ आली की ‘सर, तुमचा तास द्या ना’ म्हणत गणिताचे शिक्षक चित्रकलेच्या वर्गाच्या दाराशी उभे राहतात, आणि तो तास बहुधा दिला जातो. ह्यूस्टनचे आकडे अशा वेळी मुख्याध्यापकांपुढे ठेवता येतील, पण गणिताचा निकाल वाढेल असे आश्वासन न देता.