पिकअपला गंज लागतो तो हौद्यातून; पावसाळ्याआधी रंगाकडे बघा

कांदा असो, दुधाचे कॅन असोत की खताच्या गोण्या, आपल्याकडची पिकअप दिवसभर उभी राहत नाही. धुवायची वेळ आली की बोनेट आणि काच चकाचक होते. मागचा हौदा मात्र तसाच. आणि पत्रा सडतो तो तिथेच.

रंग नुसता दिसण्यासाठी नसतो. पत्र्याला हवा-पाणी लागू नये म्हणून असतो. कॅरेट ओढले, फाळका आपटला की रंग उडतो अन् तिथून गंज धरतो. त्यात सांडलेलं खत सगळ्यात वाईट. पोटॅश हा मिठाच्याच जातीचा क्षार, पत्रा लवकर खातो. युरिया हवेतली ओल ओढतो. शेणखतही ओल धरून ठेवतं. त्यामुळे खत उतरवलं की त्याच दिवशी हौदा झाडून भरपूर पाण्याने धुवा. पाणी जायची भोकं चिखलाने बुजलेली असतात, ती तारेने मोकळी करा. रबरी मॅट असेल तर उचलून वाळवा. मॅटने ओरखडे वाचतात हे खरं, पण खाली ओल अडकली तर भोक पडेपर्यंत कळत नाही.

धूळ कोरड्या फडक्याने पुसू नका, मातीचे कण रंगावर चरे पाडतात. आधी पाणी मारा, मग फडकं. कपड्याची पावडर रंगाची चमक घालवते. गाडीचा शाम्पू बादलीला थोडाच लागतो. पक्ष्यांची घाण भिजवून लगेच काढा, उन्हात तिचा डाग बसतो. दसऱ्याला बोनेटवर ठेवलेला ओला हार आणि कुंकूही दुसऱ्या दिवशी काढलेलं बरं, देव रागावत नाही.

गंज दिसलाच तर पॉलिश पेपरने स्वच्छ पत्रा लागेपर्यंत घासा. पुसून रेड ऑक्साइड मारा, तो वाळला की रंगाचे दोन हात द्या. गंजावरच रंग फासला तर थोड्याच दिवसांत फुगून पोपडे निघतात. पासिंगच्या आदल्या दिवशी असंच केलं जातं, म्हणून सांगतोय.

काही जण खालून चेसीला जळकं ऑइल मारतात. माझ्या मते ते नकोच. रबरी बुश ऑइलने फुगतात, वर धूळ चिकटते ती वेगळीच. त्यापेक्षा गॅरेजमधून अंडरकोटिंग करून घ्या. आधी चिखल धुऊन गाडी पूर्ण वाळू द्या, ओल्यावर कोटिंग धरत नाही.