कातरीविना उतरलेली लोकर

उंदराचं पिल्लू जन्माला येतं ते डोळे मिटून. त्याच्या पापण्या एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि त्या सुटायला जवळपास दोन आठवडे लागतात. पण १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात, स्टॅन्ली कोहेन यांच्या पिंजऱ्यातली पिल्लं सातव्याच दिवशी टकामका बघू लागली. त्यांचे पुढचे दातसुद्धा वेळेआधीच हिरड्यांबाहेर आले होते.

कोहेन शोधत होते ते भलतंच. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासोबत ते मज्जातंतूंची वाढ करणाऱ्या एका पदार्थाच्या मागावर होते. एका चाचणीत त्यांनी सापाचं विष वापरलं, ते निव्वळ त्यातल्या एका विकरासाठी. तर खुद्द विषातच तो पदार्थ भरपूर निघाला! विषग्रंथी म्हणजे लाळग्रंथीचंच बदललेलं रूप. मग उंदराची लाळग्रंथी का तपासू नये? तीही तपासली आणि नर उंदराच्या जबड्याखालच्या ग्रंथीत घबाड हाती लागलं. त्या ग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तेव्हा पापण्या लवकर उघडल्या. मज्जातंतू वाढवणारा पदार्थ शुद्ध करून टोचला, तर मात्र तसं काही होईना. याचा अर्थ उघड होता: अर्कात आणखी कुणीतरी दडलेलं होतं.

१९५९ मध्ये कोहेन नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेले, ते हे कोडं सोबत घेऊनच. १९६२ मध्ये त्यांनी ते प्रथिन वेगळं केल्याचं जाहीर केलं. ते त्वचेचा वरचा थर जलद वाढवून पक्का करत होतं, म्हणून पापण्या लवकर सुटत होत्या. त्याचं नाव पडलं एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, थोडक्यात ईजीएफ. अवघ्या ५३ अमिनो आम्लांची ही साखळी. नराच्या ग्रंथीत ती मादीपेक्षा कितीतरी जास्त बनते, कारण तिच्या निर्मितीवर टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा अंमल चालतो. १९८६ मध्ये कोहेन आणि लेव्ही-मोंताल्चिनी यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

पण पिल्लांच्या बाबतीत एक गोष्ट उलटी घडत होती. त्वचा घाईने वाढत होती आणि अंगावरचे केस मात्र उशिरा येत होते.

हे निरीक्षण मोलाचं ठरलं ते ऑस्ट्रेलियात. रानटी मेंढ्या दिवसाच्या लांबीप्रमाणे बदलणाऱ्या संप्रेरकांच्या तालावर दरवर्षी आपली लोकर गाळतात. माणसाने निवडून निवडून पैदास केलेल्या मेरिनो मेंढीची लोकर मात्र वाढतच राहते. ती कातरावीच लागते. वाकून वाकून कातरणाऱ्याची पाठ जाते आणि मेंढीच्या कातडीला जखमा होतात. म्हणून लोकर आपोआप गळावी यासाठी शास्त्रज्ञ धडपडत होते. कर्करोगावरचं सायक्लोफॉस्फामाइड देऊन पाहिलं. आपल्याकडे चाऱ्यासाठी लावतात त्या सुबाभळीतलं मिमोसिनही वापरून पाहिलं. लोकर गळाली खरी, पण ही द्रव्यं विषारी होती.

सिडनीजवळ सीएसआयआरओ या राष्ट्रीय संशोधन संस्थेत मूर, पानारेट्टो आणि रॉबर्टसन यांनी १९८०च्या सुमारास ईजीएफ हाती घेतलं. आधी उंदरांत केसांची वाढ मंदावते याची खात्री केली, मग ते मेरिनोच्या शरीरात सोडलं. लोकरीचा प्रत्येक धागा त्वचेतल्या एका बारीक पिशवीच्या तळाशी तयार होतो. तिथल्या पेशी अखंड विभागत राहतात आणि वर सरकता सरकता कडक होत धागा बनतात. ईजीएफ पोहोचताच ही विभागणी थांबली. मूळ आक्रसलं, धागा तिथेच तुटला. औषधाचा असर ओसरल्यावर तेच मूळ पुन्हा कामाला लागलं. जुनी लोकर अख्खीच्या अख्खी, हाताने सोलून काढता आली.

उंदरांच्या ग्रंथींतून मिळणारं ईजीएफ कळपांना पुरणं शक्यच नव्हतं. जनुक-तंत्राने ते जिवाणूंकडून बनवून घेतलं गेलं आणि १९९८ मध्ये ‘बायोक्लिप’ बाजारात आलं. एक इंजेक्शन द्यायचं, मेंढीला जाळी घालायची आणि सुमारे चार आठवड्यांनी जाळीसकट लोकर उतरवायची. तोवर खाली नवी लोकर आलेली असे, त्यामुळे मेंढी उन्हात उघडी पडत नसे. पण जाळी घालण्याचा खर्च आणि खटाटोप मोठा, शिवाय गाभण मेंढीला हे देता येत नसे, गर्भपाताची भीती असे. त्यामुळे कातर काही हद्दपार झाली नाही.

तरीही या शोधाने एक पक्की समज दिली. एकच रेणू त्वचेला ‘वाढ’ म्हणून सांगतो, केसाच्या मुळाला ‘थांब’ म्हणून, आणि गर्भाला तर घातकही ठरू शकतो. निरोपाचा अर्थ लावते ती पेशी. कर्करोगात ईजीएफचा निरोप अडवणारी औषधं घेणाऱ्या काही रुग्णांच्या पापण्यांचे केस विलक्षण लांब वाढतात, कारण केसाच्या मुळाला मिळणारा ‘थांब’ हा निरोपच अडतो. म्हणून संप्रेरकासारखं काम करणारं कुठलंही द्रव्य एका अवयवावर तपासून भागत नाही. त्यासाठी अख्खं जनावर नजरेखालून घालावं लागतं.